मैदानाकडं पाठ

दगडूबा मैदानावर आला की आधी थुंकायचा, मग बसायचा. थुंकायची दिशा ठरलेली होती. मैदानाच्या पलीकडच्या अंगाला प्रशिक्षकाची खुर्ची असायची, तिकडं. थुंकी काही तिथवर पोचायची नाही, पण दिशा कधी चुकली नाही. मग खुर्चीवर कोणी का बसलेला असंना.

माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी चौथी शिकलेला हमाल, मला गोड लिहिता येत नाही. आणि दगडूबाबद्दल नुसतं चांगलंच लिहायचं ठरवलं तर हा कागद कोरा राहील. म्हणून जसा होता तसा सांगतो. त्याला वाईट वाटायचं कारण नाही. जिवंतपणी वाटलं नाही, आता काय वाटणार.

आमच्या माजलगावात फुटबॉल कुठून आला असं कोणी विचारलं तर मी धरणाकडं बोट दाखवतो. धरणाचं काम चालू होतं तेव्हा लांबच्या मुलखातले इंजिनियर लोक कॉलनीत राहायचे. संध्याकाळी चड्ड्या घालून एका बॉलमागं पळायचे. धरण झालं, ते लोक गेले, बॉल राहिला. पाणी उसाला गेलं आणि बॉल मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, पोरांना. त्यातून मोंढा क्लब निघाला. निळा सदरा, पाठीवर नंबर, नंबराखाली अध्यक्षांचं नाव. अध्यक्ष म्हणजे तालुक्यातले पुढारी. त्यांना फुटबॉलमधलं एवढंच कळायचं की बॉल गोल असतो. पण प्रशिक्षक कोण हे तेच ठरवायचे. जसा सोसायटीचा चेअरमन ठरवतात, तसा.

मोंढ्याची मागची भिंत आणि गोलची जाळी यांच्या मधी एक दगडी रोलर पडलेला होता. क्रिकेटवाल्यांनी कधी आणलेला, दांडी मोडली तसा तिथंच राहिला. त्या रोलरवर घोंगडी टाकून दगडूबा बसायचा. उजव्या अंगाला मास्तर, डाव्या अंगाला मी. मास्तर म्हणजे शाळेत कवायत शिकवून रिटायर झालेला माणूस. रात्रंदिवस मोबाईलवर परदेशातल्या मॅचा बघायचा आणि सकाळी उठून आमच्या पोरांना त्या मापानं मोजायचा.

मी तिथं कशाला जायचो? शांतामुळं. शांता माझी बायको. गुडघे गेले, हमाली सुटली आणि मी दिवसभर घरात बसून तिच्या कामात खोट काढायला लागलो. भाजीत मीठ जास्त, अंगणात केर तसाच. एक दिवस तिनं परात आपटली आणि म्हणाली, "अवं, तिकडं मैदानावर लई मानसं बसत्यात खोट काढायला. जा, त्येंच्यात बसा. माझ्या डोक्याची सालं काढू नका."

गेलो. मैदानाच्या पलीकडं रस्ता आहे. संध्याकाळी शांता भाजी घेऊन त्या रस्त्यानं घरी जायची, आणि जाता जाता पिशवी वर करून दाखवायची. म्हणजे, चला आता. मी उठायचो. फुटबॉलमधलं मला तेवढंच आवडायचं.

दगडूबाचं घराणं शेळ्यामेंढ्यांचं. तो स्वतः बाजारात बकऱ्यांचे सौदे जमवायचा. आमच्याकडं जनावराचा सौदा तोंडानं होत नाही. दोघांनी हात हातात द्यायचे, वर टॉवेल टाकायचा आणि आतून बोटं दाबून भाव सांगायचा. शेजारी उभ्या असलेल्याला काही पत्ता लागत नाही. दगडूबाची बोटं म्हणजे पकड. बाजारात हा माणूस सकाळपासून दुपारपर्यंत तोंड उघडायचा नाही. सगळी बडबड मैदानासाठी राखून ठेवायचा.

नवा प्रशिक्षक आला की पहिला हार दगडूबाचा. हार घालताना त्याचा हात हळूच त्या माणसाच्या पाठीवरून कमरेपर्यंत जायचा. बकरं घेताना मणक्यावर मांस किती आहे ते चाचपतात, तसा. त्या बिचाऱ्याला वाटायचं, म्हातारा माया करतोय. मग दगडूबा आमच्याकडं वळून ठरलेलं वाक्य बोलायचा, "ह्यो मानूस तारील."

दोन-तीन मॅचा झाल्या की दुसरं ठरलेलं वाक्य. "उतरवा ह्येला."

एक हवालदार होता, नोकरीतून सुटलेला. त्यानं पोरांना नुसतं पळवलं. बॉल कोपऱ्यात आणि पोरं मैदानाला फेऱ्या घालतायत. दगडूबा रोलरवरून ओरडायचा, "हवालदार, चोर कुठल्या अंगाला गेला वो?" हवालदार गेला. मग शहरातून एक जण आला. काळा चष्मा, गळ्यात शिट्टी, हातात पाटी. पाटीवर बाण काढायचा. त्यानं पोरांना पायातल्या पायात बॉल द्यायला शिकवलं आणि मास्तरच्या अंगात देव आला.

"हा खरा खेळ," मास्तर म्हणायचा. "पासिंगचा. बॉल आपल्याकडं ठेवायचा, समोरचा दमतो."

"समोरचा दमायलाय का झोपायलाय ते बघा मास्तर."

"तुमाला सिस्टीम कळत न्हाई, दगडूबा."

"मला कळायला कशाला पायजे? बॉलला कळली तरी बास. बॉल आपल्याकडंच ठेवायचा असंल तर घरी फळीवर ठेवा की. आनला कशाला हितं?"

दगडूबाचं सगळं फुटबॉलशास्त्र एका वाक्यात संपायचं. उचल आणि पुढं मार. बॉल मागं गेला की त्याला अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. मास्तरला बॉल पुढं गेला की घाई वाटायची. या दोघांनी जन्मात बॉलला पाय लावलेला नव्हता. एकदा बॉल घरंगळत रोलरपाशी आला. पोरं ओरडली, मारा मारा. दगडूबानं तो दोन्ही हातानं उचलला, कानाजवळ नेला आणि टरबूज वाजवतात तसा टिचकी मारून वाजवून बघितला. "हवा कमी हाय," म्हणाला आणि परत दिला. असली माणसं प्रशिक्षक उतरवायची.

उतरवायची रीत पण ग्रामसभेची. अध्यक्ष मॅचला येऊन बसले की दगडूबा उठून उभा राहायचा आणि बोंब ठोकायचा, "ह्या मानसावर आमचा इश्वास न्हाई. ज्येंचा न्हाई त्येंनी हात वर करा." मैदानाभोवती बसलेले हात वर करायचे. अध्यक्ष जरा वेळ हात बघायचे, आणि पुढच्या आठवड्यात प्रशिक्षकाच्या खुर्चीवर दुसरा माणूस असायचा.

त्या काळ्या चष्म्याच्या वेळी तर कहर झाला. बीडच्या टीमशी मॅच होती. बॉल त्यांच्याकडं, त्यांची पोरं आमच्या गोलकडं येतायत, आणि नेमकी तेव्हाच दगडूबाला अविश्वासाची उबळ आली. "हात वर करा!" सगळ्यांनी केले. आमच्या गोलकीपरचाही विश्वास नव्हता. त्यानं पण एक हात वर केला, आणि कोणी कोणी केला ते बघायला मान आमच्याकडं वळवली. बॉल त्याच्या बगलेखालून जाळीत गेला.

पोरगं कसनुसं झालं. दगडूबा मात्र खूश. "बघा," म्हणाला, "गोलकीपरसुदिक आमच्या बाजूनं हाय."

घरी येऊन शांताला सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली, पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "आन तुमी? तुमचा बी हात वर व्हता का?" होता. खोटं कशाला बोलू.

अध्यक्षांना फुटबॉल कळत नसंल, पण माणसं कळायची. आपण बसवलेला माणूस दर वेळी एक बकऱ्याचा दलाल उतरवतो, हे त्यांच्या मनाला लागलं. एका संध्याकाळी ते आमच्यादेखत हसत हसत म्हणाले, "ह्या टायमाला दगडूबाच्या जावयालाच बसवतो. बघू म्हातारं काय बोलतंय."

इथं कौसाचं सांगावं लागंल. कौसा म्हणजे दगडूबाची एकुलती लेक, गेवराईकडं दिलेली. जावई सुदाम तिकडं एका शाळेत खेळाचा शिक्षक. पोरगा हलका आवाज, खाली मान, असा. कौसाच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत दगडूबा व्याह्याला भर मांडवात म्हणाला होता, "ह्यो व्याही म्हंजी खाटकाच्या दारातलं बोकड. मान डोलवतंय, कळत काय न्हाई." लोक हसले, व्याही हसला नाही. त्यानं सुनेला दोन वर्षं माहेराला पाठवली नाही. पंचमी आली, दिवाळी आली. दगडूबाची बायको सरूबाई संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायची आणि गेवराईच्या गाडीचा आवाज आला की मान वर करायची.

शेवटी सुदामनंच बापाला न विचारता कौसाला मोटरसायकलवर बसवलं आणि दारात आणून उभं केलं. तेव्हा दगडूबानं जावयासमोर कानाची पाळी धरली. म्हणाला, "जावईबापू, तुमाला का तुमच्या घरच्याला माझ्या तोंडून आता उना शबूद जानार न्हाई. गेला तर ही लेक मला मेली."

तो जावई आता प्रशिक्षकाच्या खुर्चीवर बसला.

आणि खेळ काय आणला? सगळा मागं. पोरानं बॉल धरला की मागं द्यायचा, मागच्यानं बाजूला, बाजूच्यानं गोलकीपरला. मग गोलकीपर परत सुरुवात करणार. काळ्या चष्म्याचा खेळ याच्यापुढं वादळ होता. मास्तरच्या डोळ्याला आनंदानं पाणी आलं. आणि निकाल बरोबरी. दर वेळी बरोबरी. नवसाला बोकड कबूल करून कोंबडी कापावी, तसलं.

पहिल्या मॅचला दगडूबानं हार घातला, पाठ चाचपली नाही. रोलरवर बसला. थुंकला नाही, गिळली. पहिला बॉल मागं गेला तसा त्याचा जबडा हलला. दुसरा गेला तसा तो उठला, घोंगडी उलटी फिरवली आणि मैदानाकडं पाठ करून, मोंढ्याच्या भिंतीकडं तोंड करून बसला.

"काय झालं बे?" मी विचारलं.

"दिसलं तर बोललं जातंय."

मग त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, माझा हात ओढून आपल्या हातात घेतला आणि वर टॉवेल टाकला. म्हणाला, "तू बघ आन सांग."

"काय सांगू? मला कुठं कळतंय."

"कुठं गेला एवढं सांग. पुढं का मागं."

"मागं."

टॉवेलाखाली त्यानं माझी बोटं अशी दाबली की माझ्या तोंडून हाय निघालं.

"आता?"

"बाजूला."

जरा कमी दाबली.

"आता?"

"मागं."

अशी माझी मॅच. जी शिवी जावयाला द्यायची ती माझ्या बोटांना. मी हमाल माणूस, पोत्यानं खांदा गेला, गुडघे गेले, फक्त बोटं धड राहिली होती. ती पण ह्या नालायकानं सुजवली. बोटं वाचवायला मी खोटं सांगायला लागलो, "पुढं, पुढं." पण पुढं गेला की पोरं ओरडायची. ओरडा ऐकू आला नाही की त्याला कळायचं, आणि खोट्याची शिक्षा म्हणून दुप्पट दाबायचा. घरी आलो की शांता हळद उगाळून बोटांना लावायची. "कुनाचं बकरू घेतलं आज?" असं विचारायची आणि लावता लावता हसायची. "उद्या त्येला म्हनावं, तुझ्या जावयाची बोटं धर. माझ्या नवऱ्याची कशाला?"

त्या वर्षी धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे करून वाढायचे, पाय धुवायचे, ही आमच्याकडची रीत. शेजारी म्हणून शांता आणि मी पण गेलो. सुदाम पाटावर बसला, पाय परातीत. दगडूबा समोर उकिडवा बसून तांब्यानं पाणी घालतोय. ज्या पायांनी मॅच मागं नेली त्याच पायांवर. धुता धुता त्याच्या हातानं सवयीनं पिंढरी चाचपली. मी खाली बघून हसलो, शांतानं कोपर मारलं.

जेवताना सुदाम हळूच म्हणाला, "मामा, तुमी मैदानाकडं पाठ करून बसता म्हनत्यात लोक. माझं काई चुकतंय का?"

कौसाचा वाढता हात थांबला. सरूबाई चुलीपाशी थांबली. दगडूबाच्या तोंडात धोंड्याचा घास होता, तो त्यानं लई वेळ चावला.

"डोळ्याला ऊन लागतंय, जावईबापू."

"पावसाळ्यात?"

दगडूबानं दुसरा घास भरला. तोंड मोकळं राहिलं असतं तर संपलं होतं. मग शांता बोलली, "जावईबापू, म्हाताऱ्या मानसाचं काय घेऊन बसता. आमचं ह्ये तर घरात बी भिंतीकडं तोंड करून झोपत्यात. म्हनून मी काय माहेराला जाऊ का?" कौसा हसली, मग सगळे हसले. दगडूबानं शांताकडं बघितलं. आम्ही बाहेर पडताना तिच्या हातात धोंड्याचा डबा त्यानं स्वतः दिला. त्या माणसानं कोणाला काही उचलून दिलेलं मी तेवढंच बघितलं.

त्याच साली दिवाळीनंतर शांता गेली. ताप आला, गेला, परत आला आणि तिला घेऊनच गेला.

लोक आले. चहा प्यायले. "सुटली बिचारी," म्हणाले. कशातून सुटली? माझ्यातून? मास्तर आला आणि आत्मा अमर असतो म्हणाला. ज्या माणसाला एका गोलनंतर आपलं मत अमर ठेवता येत नाही त्यानं मला आत्म्याचं सांगावं. दगडूबा आला तो दाराशी बसला. तिचं नाव काढलं नाही. पाटोद्याच्या टीमनं कसला गाढव प्रशिक्षक ठेवलाय हे त्यानं तासभर सांगितलं. मला वाटलं उठून एक ठेवून द्यावी.

दहावा झाला आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून हाक. "अय नामा! चल बे, बीडवाले आलेत."

घरात पाहुण्या बायका होत्या. एक म्हणाली, काय मेलं माणूस आहे, सुतकाची तरी लाज धरावी. बरोबर होतं तिचं. पण मी चप्पल घातली. जा, त्येंच्यात बसा, असं शांतानं सांगितलं होतं आणि तो हुकूम मागं घ्यायला ती राहिली नव्हती.

रोलरवर बसलो. समोर मैदान, मैदानापलीकडं रस्ता. रस्त्यानं बायका भाजीच्या पिशव्या घेऊन चालल्या होत्या. मी उठलो आणि भिंतीकडं तोंड करून दगडूबाच्या शेजारी बसलो. त्यानं टॉवेल काढला, माझा हात घेतला, वर टॉवेल टाकला. मी बोटं आवळून तयार राहिलो. त्यानं दाबली नाहीत. मॅच संपेपर्यंत नुसता हात धरून बसला.

तिथून पुढं आमचं असंच. दोन म्हातारे मैदानाकडं पाठ करून बसलेले आणि मागं काय चाललंय त्याच्यावर भांडण.

"मागं गेला."

"पुढं गेला बे."

"आवाज ऐक की. ह्यो मागं गेल्याचा आवाज हाय."

"मागं गेल्याचा येगळा आवाज असतो व्हय?"

"असतो. कोनी ओरडत न्हाई तो."

पोरं आम्हाला हसायची. हसू दे. तोंडं मैदानाकडं करून बसलेल्यांना तरी काय दिसत होतं.

पुढच्या पावसाळ्यात गेवराईशी मॅच झाली आणि आम्ही हरलो. सुदामच्या स्वतःच्या गावाकडचे लोक, त्यामुळं जास्तच लागलं. चिखलात बॉल मागं दिला, तो अर्ध्यातच थांबला, त्यांच्या पोरानं उचलला आणि गोल. हे मला नंतर कळलं. तेव्हा नुसता ओरडा ऐकू आला, तो पण दुसऱ्यांचा. अध्यक्ष मॅचला आले होते. आणि आमच्या शेजारून मास्तर उठला. पासिंगचा खेळ बघून ज्याच्या डोळ्याला पाणी आलं होतं तोच मास्तर.

"ह्या माणसावर आमचा विश्वास नाही," मास्तर म्हणाला. "हात वर करा."

मैदानभर हात वर झाले असतील. आम्ही भिंत बघत होतो. मग मला पाठीवर नजरा कळायला लागल्या. आजवर पहिला हात ज्याचा असायचा तो दगडूबा काय करतो, हे सगळ्यांना बघायचं होतं. कौसा पण आली होती त्या दिवशी, फाटकापाशी उभी होती.

"दगडूबा," मास्तरनं विचारलं, "तुमचा हात?"

टॉवेलाखाली माझी बोटं मोडायची तेवढी राहिली. एवढ्या महिन्यांनी त्यानं पहिल्यांदा दाबली, आणि सोडायचं नाव नाही. पिरगळल्यासारखी. त्याच्या कपाळावरून घाम नाकावर आला. त्या खेळाचा त्याला किती तिटकारा होता हे त्या मैदानावर एकट्या माझ्या बोटांना माहीत होतं.

"माझा हात गुतलाय," दगडूबा म्हणाला.

"आन तुमचा, नामा?"

"माझा बी," मी म्हणालो.

लोक हसले. सुदाम उतरला. आम्ही दोघं सोडून सगळ्यांनी उतरवला.

मैदान रिकामं व्हायला लागलं तेव्हा सुदाम रोलरपाशी आला. समोर येऊन भिंतीकडं पाठ करून उभा राहिला, कारण सासऱ्याचं तोंड तिकडं होतं. पायाला चिखल. वाकून नमस्कार केला.

"मामा, दोन पावसाळे झाले. एकदा तरी वळून बघायचं व्हतं."

दगडूबानं त्याच्या चिखलाच्या पायाकडं बघितलं.

"बघितलं असतं तर बोललो असतो, जावईबापू."

सुदामनं मान हलवली आणि गेला. कौसा लांबूनच म्हणाली, "आबा, येते." मोटरसायकल चालू झाली.

दगडूबा त्या दिवसानंतर परत मैदानावर आला नाही. दुखणं बाजेवर घेऊन गेलं आणि पावसाळा संपायच्या आत तो गेला. कौसा शेवटचे पंधरा-वीस दिवस येऊन राहिली होती. तिच्या मांडीवर डोकं होतं म्हणतात. मी गेलो नाही बघायला. मला तो आठवतो तो त्या संध्याकाळचा.

मोटरसायकलचा आवाज मोंढ्याच्या कमानीपलीकडं गेला. दगडूबा कान देऊन बसला होता. पार ऐकू यायचा बंद झाला तसा तो उठला, घोंगडी काढली, झटकली, परत टाकली आणि मैदानाकडं तोंड करून बसला. मैदानावर कोणी नव्हतं. चिखल, पाण्याची डबकी आणि पलीकडं रिकामी खुर्ची. आधी थुंकला. मग तोंड उघडलं.

"मागं? मागं काय व्हतं बे? तुझी आत्या उभी व्हती मागं? समोर गोल हाय, आन तू मागं द्यायलास? पाटोद्याच्या टायमाला मोकळं रान व्हतं, मोकळं, म्हातारी बी चालत जाऊन गोल करून आली असती, आन तू मागं? अरं मेंढराला कळतं पुढं जायचं! बरोबरी! कसली बरोबरी? तुझ्या शाळेत दे बरोबरी! बीडला तसंच, ह्या गेवराईला तसंच…"

दोन पावसाळ्यांच्या सगळ्या मॅचा त्याला पाठ होत्या. एकही न बघता. मी जे जे "मागं" म्हणालो होतो ते एकेक काढून त्यानं त्या रिकाम्या मैदानाला हाणलं. खुर्चीला हाणलं, जाळीला हाणलं, अध्यक्षाला, मास्तरला, धरण बांधणाऱ्यांना, ज्यांनी पहिला बॉल आणला त्यांना. थुंकी उडत होती. तोंड लाल. एवढा सुखी मी त्याला कधी बघितला नव्हता.

मी पण वळलो. रस्ता दिसला. रस्त्यानं कोणी नव्हतं. पिशव्यावाल्या बायका केव्हाच घरी गेल्या होत्या.

माझ्या तोंडून एक शिवी निघाली. हमालाची, पोटातून आलेली.

दगडूबा थांबला. "तू कुनाला रं?"

"असंच."

त्यानं रस्त्याकडं बघितलं. टॉवेल काढून आमच्या दोघांच्या मधी टाकला, पण माझा हात घेतला नाही.

"मोठ्यानं दे की मंग," म्हणाला. "मैदान मोकळं हाय."